झुल्याची चाल आणि माझे व्याही

मेक्सिको हा देश नकाशात नक्की कुठे येतो ते मला आजही बोट ठेवून दाखवता येणार नाही. पण त्या देशाच्या वतीने साऱ्या जगाशी भांडणारा, आणि तेही तिथे एकदासुद्धा पाय न ठेवता, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा व्याही आहे, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन. लोक बांधावरून भांडतात, क्रिकेटवरून भांडतात, मानपानावरून भांडतात. माझे व्याही मेक्सिकोच्या शास्त्रीय संगीतावरून भांडतात. समोरच्याला भांडायचं नसलं तरी भांडतात. एकदा इथे जर्मनीत वाल्डॉर्फहून हायडेलबर्गला जाणाऱ्या बसमध्ये शेजारची म्हातारी जर्मन बाई त्यांना नुसतं "आज हवा छान आहे" एवढंच म्हणाली. तर हायडेलबर्ग येईस्तोवर त्या बाईला पुएब्ला नावाच्या गावातल्या मोठ्या चर्चमध्ये शेकडो वर्षांपूर्वी कोणकोण गवयी होऊन गेले, त्यांतल्या कोणी तिथल्या मूळच्या लोकांच्या भाषेत गाणी बांधली, सगळं ऐकावं लागलं. बाई बिचारी "गेनाऊ, गेनाऊ" करत आपल्या स्टॉपच्या दोन स्टॉप आधी उतरली. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. जर्मन माणसाला सुटका हवी असली की तो गेनाऊ म्हणतो, एवढं मी इथे राहून शिकलोय.

मी सातवी शिकलेला माणूस. उभा जन्म सर्कशीच्या बँडमध्ये कर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, फुंकण्यात गेला, हातात पेन धरायची वेळ पगाराच्या सहीपुरती. सूनबाई म्हणाली, "बाबा, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात अप्पांवर तुम्हीच लिहा. तुम्ही बोलता तसंच लिहा." अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे व्याही. तेव्हा जसं बोलतो तसं लिहितोय, पुढचं तुमचं नशीब.

हा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो लग्नाच्या बैठकीत. मी, माझी बायको सुमन आणि मुलगा असे तासगावहून पुण्याला मुलगी बघायला गेलो. पोहे आले, चहा आला. मुलीच्या बापाने काय विचारावं? मुलगा काय कमावतो, घरी कोण असतं, पत्रिका आणलीय का. यांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. मला म्हणाले, "आपण सर्कशीत वाद्य वाजवत होतात असं कळलं." सर्कस म्हटल्यावर लोक मला हत्तीचं विचारतात, वाघाचं विचारतात, फार तर बुटक्या विदूषकाचं विचारतात. हे म्हणाले, "मग मेक्सिकन काय काय वाजवलंत?" मी म्हटलं, "काही नाही." तर एकदम खुर्चीच्या टोकावर येऊन म्हणाले, "असं कसं होईल!" आणि मग सुरू झाले. बंद मठांत राहणाऱ्या तिथल्या जोगिणी जाळीच्या आडून कशा गायच्या आणि बाहेर लोक ताटकळत कसे ऐकायचे, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. शेवटी आतून विहीणबाईंचा आवाज आला, "अहो, मुलगी दाखवायचीय अजून." परत येताना एसटीत सुमन खिडकीकडे बघत म्हणाली, "मुलगी गुणाची आहे. बाप म्हणजे रेडिओ आहे, पण त्यावर एकच स्टेशन लागतं." लग्न ठरलं. सुमनला ते स्टेशन आवडलं होतं, हे मला फार उशिरा समजलं.

आता हे वेड लागलं कसं, तेही सांगतो. व्याही पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. नोकरीला लागून वर्ष झालं नसेल तेव्हा परदेशातून भेट म्हणून ग्रामोफोनच्या रेकॉर्डांचं एक खोकं आलं, आणि आलं ते चुकून यांच्या दारात. सगळ्या मेक्सिकोच्या. प्रिन्सिपॉल म्हणाले, टाका अडगळीत. दुसरा असता तर टाकलं असतं. पण हे पडले ग्रंथपाल. आलेल्या वस्तूचं कार्ड केल्याशिवाय यांच्या घशाखाली जेवण उतरत नाही. पूर्वी लायब्ररीत छोट्या छोट्या खणांची कपाटं असायची आणि प्रत्येक पुस्तकाचं एक जाड कार्ड खणात असायचं, ते कार्ड. आता कार्ड करायचं तर कोण संगीतकार, कुठल्या काळातला, ते कळायला हवं. ते कळायला रेकॉर्ड ऐकायला हवी. ऐकली, आणि तिथेच माणूस आपल्यातून गेला.

त्या संगीतकारांविषयी ते बोलतात ते सख्ख्या भावकीविषयी बोलावं तसं. त्यांतला एक फार मोठा पण दारूपायी गेलेला. त्याचं नवं काम रंगमंचावर लागलं त्या दिवशी हा तिकडे मरायला टेकलेला. व्याही हे सांगताना चष्मा काढून पुसतात, जणू परवाच त्याचे दिवस घालून आलेत. दुसऱ्याने खेड्यापाड्यांतले जुने ढोल आणि खुळखुळे आणून चांगल्या कोटटाय घातलेल्या वादकांच्या मध्ये बसवले. त्याचं सांगताना व्याह्यांची छाती ताशासारखी ताणली जाते. तिसऱ्याला आपल्या सुरांच्या मधे आणखी बारीक बारीक सूर ऐकू यायचे. ते वाजवता यावेत म्हणून त्याने पियानोच निराळे बनवून घेतले, आणि ते बनले याच जर्मनीत. हे कळल्यापासून व्याही जर्मन लोकांवर थोडे मेहेरबान आहेत. आणि चौथा तर इरसाल. त्याने स्वतःची चीज कुणा जुन्या मेलेल्या जर्मन उस्तादाच्या नावावर खपवली आणि मोठमोठे जाणकार माना डोलवत बसले. ही गोष्ट व्याह्यांनी आमच्या मुलाच्या ऑफिसातल्या साहेबाला, तो घरी जेवायला आला असताना, सांगितली. साहेबाने पुरणपोळी खाली ठेवली आणि म्हणाला, "आल्झो..." आल्झो म्हणजे तर मग. त्या 'तर मग'च्या पुढे काही म्हणालाच नाही.

मला मुलाने कायमचं इथे आणलं त्याला आता दीड वर्ष झालं. सुमन गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत खेळ आटोपला. कर्नेट होतं ते मी तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बँडवाल्याला देऊन टाकलं आणि मुलाला फोनवर म्हटलं, कुठे न्यायचं तिथे ने, मला काय फरक पडत नाही. व्याही आले ते यंदाच्या वसंतात, नव्वद दिवसांच्या व्हिसावर, एकटेच. विहीणबाईंना पुण्याबाहेर झोप लागत नाही. त्या फोनवर मला म्हणाल्या, "भाऊ, तीन महिने तुमच्या स्वाधीन केलेत. माझे कान जरा शेकून काढते."

आल्याच्या चौथ्या दिवशी व्याह्यांनी सूनबाईच्या स्वयंपाकघराची कार्डं केली. प्रत्येक डब्याला आकडा, आणि आकड्यांचं एक खोकं फ्रिजवर. सूनबाई फोडणी देताना ओरडली, "अप्पा, मोहरी कुठाय?" तर आतल्या खोलीतून शांतपणे उत्तर आलं, "तू मोहरी बी म्हणून बघतेयस की मसाला म्हणून?" तेल जळलं. मुलगा ऑफिसला जाताना डोक्याला हात लावून गेला. मी मात्र बऱ्याच दिवसांनी हसलो, हे नमूद करतो.

मग त्यांना हायडेलबर्गमध्ये मेक्सिकन हॉटेल सापडलं. मला ओढत नेलं. आत गेल्या गेल्या त्यांनी स्पॅनिशमध्ये लांबलचक काहीतरी म्हटलं. ते स्पॅनिश रेकॉर्डच्या मागचं वाचून वाचून शिकलेलं, म्हणजे बहुतेक त्यात "बाजू दुसरी" वगैरेही असावं. पांढऱ्या टोपीतला आचारी बाहेर आला, त्याने आम्हा दोघांकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाला, "अंकल, मैं पोखरा से हूं." व्याही क्षणभर खचले. पण क्षणभरच. पुढचा पाऊण तास त्या नेपाळ्याला सगळा इतिहास सांगितला. निघताना आचारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकलजी अच्छे हैं. इनका कोई यहां है नहीं क्या?" मी म्हटलं, "आहे ना. मी आहे." बोलून गेलो, आणि मग वाटलं, हे खरंच आहे की.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. वाल्डॉर्फच्या बाजूला एक गाव आहे. तिथे हौशी लोकांचा बँड आहे. त्याला हे फेराइन म्हणतात, म्हणजे मंडळ. सुतार, मास्तर, बँकेतला कारकून, सगळे आपली वाद्यं घेऊन गुरुवारी संध्याकाळी हॉलमध्ये जमतात. आम्ही दोघे फिरायला गेलो असताना खिडकीतून वाजप ऐकू आलं. दोघेही जागच्या जागी थांबलो. व्याही थांबले ते संतापाने. दारावर उन्हाळी जत्रेचा कागद लावला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, व्हिएन्नाचे वॉल्ट्झ. व्हिएन्ना म्हणजे हे ठुमकत तीन तीन मात्रांवर नाचतात त्या वॉल्ट्झचं माहेर. व्याही त्या कागदावर बोट आपटत म्हणाले, "व्याही, आत जे वाजतंय ना, ते व्हिएन्नाचं नाही! ते एका गरीब मेक्सिकन पोराचं आहे. तिथल्या मूळच्या आदिवासींतला पोर, बापाबरोबर रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरायचा. पंचविशी ओलांडली आणि परमुलखात वारला. चाल जगभर गेली आणि नाव कुणी नेलं नाही बरोबर!" त्या पोराचं नाव त्यांनी तिथे रस्त्यावर चार वेळा घेतलं. ते नाव मी आता तोंडाने बरोबर म्हणतो. पण लिहायला गेलो की कुठेतरी चुकतं, आणि चुकीचं छापून आलं तर व्याही पुढच्या विमानाने परत येतील, म्हणून लिहीत नाही.

मी थांबलो होतो ते दुसऱ्याच कारणाने. मी म्हटलं, "व्याही, ही तर झुल्याची चाल आहे."

"कसली?"

"झुल्याची. सर्कशीत उंच झुल्याचा खेळ सुरू झाला की हीच वाजायची. सोळाव्या वर्षापासून ही मी वाजवली. दिवसाला तीन खेळ."

दारावरच्या कागदावरची नजर काढून व्याही माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "आणि तुम्ही मला बैठकीत सांगितलंत, मेक्सिकन काही वाजवलं नाही."

"मला काय माहीत? आमच्या गोव्याच्या मास्तरांनी तोंडाने शिकवली. कुणाची विचारलं तर म्हणाले, सर्कशीची."

परतीच्या वाटेवर बाकावर बसून त्यांनी मला आपलं पाप सांगितलं. पाप म्हणजे त्यांच्या मानाने पाप. त्या पहिल्या खोक्यातल्या एका रेकॉर्डवर हाच वॉल्ट्झ होता. हे तेव्हा नवीन, अर्धवट शहाणे. यांना वाटलं, वॉल्ट्झ आणि मेक्सिकोचा? छापखान्याची चूक असणार. म्हणून कार्डावर सरळ व्हिएन्नाच्या बड्या उस्तादाचं नाव घातलं आणि रेकॉर्ड व्हिएन्नाच्या कपाटात लावली. पुढे या पोराची माहिती वाचली, वेड लागलं, आणि त्याची रेकॉर्ड मिळावी म्हणून दिल्लीपासून मद्रासपर्यंत पत्रं पाठवली. सगळी नोकरी शोधण्यात गेली. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात व्हिएन्नाचं कपाट आवरताना ती हातात आली. त्यांच्याच अक्षरातलं कार्ड. "सुधारायला गेलो," व्याही म्हणाले, "तर कार्डांची कपाटं आदल्याच दिवशी रद्दीत गेलेली. संगणक आला होता. आणि माझी चूक कुणीतरी इमानदारीने संगणकात उतरवून ठेवली होती. व्याही, त्या पोराचं नाव आधी जगाने पुसलं, आणि मग मी पुसलं. जगाचं जाऊ द्या. मी ग्रंथपाल होतो."

दुसऱ्या गुरुवारी आम्ही हॉलमध्ये हजर. बँडची मास्तरीण एक पन्नाशीची उंच बाई, दिवसा औषधाच्या दुकानात असते. व्याह्यांनी जर्मन सुरू केलं. ते त्यांनी तरुणपणी पुण्यात संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं, इतकं जुनंपुराणं की बँडवाले जागेवर सरळ होऊन बसले. बाईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "कार्यक्रमपत्रिका छापून गेली. पण आमच्यात एक रीत आहे. जो उभा राहून एकट्याने सूर वाजवतो, त्याच्या बाजूने आधी चालीची ओळख करून देतात. या वॉल्ट्झला फ्लूगलहॉर्नवाला एकटा उभा असतो. आमचा सायकलवरून पडून हात मोडून घरी बसलाय. तुमच्याकडे कोणी वाजवणारा असेल तर ओळख तुम्ही करून द्या, काय नाव घ्यायचं ते घ्या."

व्याह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बघू नका," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी सरळ सांगून टाकलं, मला आडपडदा जमत नाही. म्हटलं, "तुमच्या पोराचं नाव राहो नाहीतर बुडो. मी वाजवणार नाही. ती चाल मी ज्या बाईसाठी वाजवायचो ती बाई राहिली नाही." मग सांगणं भागच पडलं. माझी सुमन झुल्यावर होती. वर तंबूच्या कळसाशी एक झेलणारा उलटा लोंबकळत असायचा आणि ही आपला झुला सोडून हवेतून त्याच्याकडे जायची. बँड बसायचा दाराच्या माच्यावर. चालीत एक जागा येते, सूर वर चढतो आणि मग खाली यायचा असतो. तिथे आमच्या बँडचा नियम होता, मनगटाला मनगट लागेपर्यंत सूर सोडायचा नाही. कधी ती लवकर पोचायची, कधी झोका लांबायचा. माझं लक्ष वर, दम कर्नेटात. हात लागला की सूर सोडायचा आणि झांज वाजायची. लग्नाआधी चार वर्षं आमचं एवढंच बोलणं. लग्नानंतर ती म्हणायची, "जाळीवर माझा भरवसा नव्हता, तुमच्या दमावर होता."

त्यानंतर व्याही एक शब्द बोलले नाहीत. आठ दिवस. तुम्हाला कल्पना नाही, त्या घरात केवढी भयाण शांतता पसरली. सूनबाईने दोनदा त्यांचा ताप बघितला. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही अप्पांना काही बोललात का?" नवव्या दिवशी सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली एक कार्ड होतं. जाड, जुन्या पद्धतीचं, व्याह्यांच्या मोत्यासारख्या अक्षरातलं. वर त्या मेक्सिकन पोराचं नाव. खाली: वॉल्ट्झ, मेक्सिको. त्याखाली: कर्नेट, आणि माझं नाव. त्याखाली: झुला, आणि सुमनचं नाव.

मी म्हटलं, "हिचं नाव कशाला? हिने काय वाजवलंय?"

"सूर कधी सुटायचा ते कोण ठरवायचं?"

"ती."

"मग अर्धी चाल त्यांची," व्याही म्हणाले. "यापूर्वी एकदा मी अर्धवट कार्ड केलं, त्याचं फळ भोगलं. आता पुन्हा नाही." आणि चहा घेऊन आत गेले.

पुढच्या गुरुवारी मी फ्लूगलहॉर्न हातात घेतलं. ते म्हणजे कर्नेटाचा अंगाने भरलेला थोरला भाऊ. पहिल्या फुंकेला म्हैस ओरडल्यासारखा आवाज निघाला. दीड वर्षात ओठ मेले होते. सराव करायचा कुठे? इथे दुपारी ठरावीक वेळ आवाज बंद, रविवारी दिवसभर बंद, शेजारी तक्रारीचा कागद हातात घेऊनच जन्मलेले. शेवटी इमारतीच्या तळघरात, बटाट्यांच्या पोत्यापाशी मी फुंकायचो आणि व्याही घड्याळ धरून दारात उभे राहायचे. खालच्या मजल्यावरचा जर्मन म्हातारा तक्रार करायला उतरला, तर व्याह्यांनी त्याला तिथेच स्टुलावर बसवून मेक्सिकोचा इतिहास सुरू केला. तो पुन्हा कधी उतरला नाही.

तालमीत निराळीच भानगड झाली. ती चढत्या सुराची जागा आली की मी थांबायचो. ठरवून नाही. फुप्फुसालाच ती सवय होती. सगळा बँड पुढे निघून जायचा आणि मी मागे एकटाच सूर धरून उभा. मास्तरीणबाई छडी वाजवून म्हणायची, "एक, दोन, तीन, इथे थांबा नाही!" आणि तिच्याहून मोठ्याने व्याही म्हणायचे, "मुळात थांबा नाही! मी पाहिलंय! त्याने लिहिलेला नाही!"

"तो झुल्याखाली उभा नव्हता," मी म्हणायचो.

"व्याही, मूळ कर्त्याने लिहिलंय त्यात एक ठिपका इकडचा तिकडे करायचा नाही. नाहीतर त्याचं नाव पुसणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?"

"माणूस हवेत असताना सूर सोडला तर ती पडते!"

एवढं भांडण आमचं मुलांच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं. बँडमधला ढोलवाला सुतार आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहायचा, मराठी कुस्ती बघावी तशी. शेवटी मीच हरलो. म्हटलं, ठीक आहे, तुमच्या पोराला एकदा त्याचं नाव त्याच्या मनासारखं मिळू द्या. नाही थांबणार. शब्द दिला.

जत्रा रविवारी दुपारी. मंगळवारी व्याह्यांचं विमान. पोचलो तेव्हा कळलं की ढग आलेत म्हणून बँड मैदानातून उचलून तंबूत नेलाय. मोठा पांढरा तंबू. मधे दोन खांब, दोर ताणलेले, आणि आत तोच वास, तुडवलेल्या गवताचा आणि कापडाचा. मी दारातच थबकलो. सूनबाईने हात धरला, "बाबा, बसता का जरा?" मी म्हटलं, "नाही. मला तंबूची सवय आहे."

व्याह्यांनी पुण्याहून आणलेला सूट घातला होता. माईकपाशी गेले. मास्तरीणबाईने चार वाक्यं सांगितली होती. त्यांनी पहिल्याच वाक्यात त्या पोराचं पूर्ण नाव घेतलं, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं. मग म्हणाले, ही चाल तुम्ही सगळे ओळखता, हा माणूस तुम्ही कुणी ओळखत नाही, आणि यात तुमची चूक नाही, एक चूक माझी आहे. आणि मग गाडी वळली पुएब्लाकडे. मठातल्या जोगिणी आल्या, बारीक सुरांचा पियानो आला. बीअरचे पेले हवेत अडकले. मास्तरीणबाईने दोनदा खाकरून बघितलं आणि शेवटी सरळ छडी वर केली. आम्ही सुरू झालो.

वाजवताना मी कागद बघत नाही, मला तो वाचता येत नाही. त्यामुळे नजर गेली वर. कळसाशी. तिथे दोर होते, पांढरं कापड होतं आणि वाऱ्याने हलणारा एक दिवा होता. पुढे, मागे. पुढे, मागे. ती जागा आली. सूर चढला आणि मी शब्द मोडला.

सोडलाच नाही. सोडता येईना. बँड एक पाऊल पुढे जाऊन अडखळला. मग त्या शहाण्या बाईने छडी हवेत तशीच धरली आणि सगळे माझ्याबरोबर त्या सुरावर थांबले. चौऱ्याहत्तर वर्षांचा दम, किती टिकणार? छाती भरून आली, कानात घूं घूं होऊ लागलं. मला कळेना सोडायचा कधी. आधी वरून कळायचं. आता वर कोणीच नव्हतं.

मी व्याह्यांकडे बघितलं. मनात म्हटलं, आता हा माणूस सगळ्यांदेखत ओरडणार, मुळात थांबा नाही. तर व्याही माईकपाशी उभे, एक हात उंच केलेला आणि मान मागे टाकून तंबूच्या कळसाकडे टक लावून बघत होते. कुणीतरी लांबून येताना दिसावं तसे. डोळे हळूहळू झोक्याबरोबर इकडून तिकडे गेले. आणि मग त्यांनी मूठ मिटली. एकदम, घट्ट. मनगट पकडावं तशी.

मी सूर सोडला. सुताराने झांज वाजवली, ती कागदात नव्हती. तंबू दणाणला.

घरी येताना गाडीत आम्ही दोघे मागे बसलो होतो. मीच म्हटलं, "व्याही, शब्द मोडला. माफ करा." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याला कळलं असतं तर त्यानेही लिहिलं असतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मठातल्या जोगिणींचं मला पूर्ण करू दिलं नाही हो त्या बाईने." आणि ते पूर्ण केलं, पार्किंगपर्यंत.

मंगळवारी ते गेले. आता दर रविवारी फोन येतो. कॉलेजात जाऊन त्यांनी संगणकातली चूक सुधारायला अर्ज दिलाय. तिथली नवी ग्रंथपाल मुलगी म्हणते, सर, फॉर्म भरा. त्यांनी तीनदा भरला. आता चौथ्यांदा भरणार आहेत. तिला बहुधा सगळा इतिहास ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत. मी गुरुवारी हॉलवर जातो. हात मोडलेला गडी बरा होऊन आला, पण मास्तरीणबाईने मला उठवलेलं नाही. आम्ही दोघे शेजारी बसतो. सुमनचं नाव बँडमधल्या सगळ्यांना माहीत आहे. उच्चार वाईट करतात, पण करतात.

सूनबाईने डबे पुन्हा आपल्या मनासारखे लावले. फ्रिजवरचं कार्डांचं खोकं मात्र काढलं नाही. परवा हळद शोधताना मला त्यात आमचं ते कार्ड सापडलं. व्याह्यांनी जाताना तिथे लावून ठेवलं होतं, योग्य जागी, आकडा घालून. सुमनच्या नावाखाली निराळ्या शाईने एक ओळ वाढवली होती: येथे थांबावे, हात लागेपर्यंत.

फोनवर ते बोलू लागतात तेव्हा तासभर जातो. हल्ली मी गेनाऊ म्हणत नाही. मी म्हणतो, "मग पुढे?"